न मिटलेला आरसा

पक्का मिस्त्रीकडे गाडीचा आरसा दुरुस्त करायला नेला की शेवटी एक छोटासा प्रयोग बघायला मिळायचा, तोही फुकट. आरसा बसवून झाला, नट आवळून झाला, फडक्याने काच पुसून झाली, की मिस्त्री गाडीच्या पुढे दहा पावलं जाऊन उभा राहायचा. एक हात कमरेवर ठेवून कोपर बाहेर काढायचा आणि राजाने दरबारात प्रवेश करावा तसा ताठ चालत येऊन ते कोपर सरळ आरशावर आपटायचा. आरसा खट्‌ करून मागे मिटला तर काम पास. नाही मिटला, तर केलेलं सगळं परत खोलायचं.

गिऱ्हाइकं हसायची. कोणी म्हणायचं, "मिस्त्री, एक दिवस आरसा जागेवर राहील आणि तुमचं कोपरच मिटेल!" मिस्त्री हसायचा नाही. "माझं कोपर, माझं काम. तुम्ही चहा घ्या," एवढंच म्हणायचा आणि बाही खाली ओढायचा. चौसष्ट वर्षांच्या त्या दोन्ही कोपरांवर कायम निळे डाग असायचे. का, ते कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना असतात असली काही खुळं, असं म्हणून लोक सोडून देत.

दुकान गल्लीच्या टोकाला, आणि दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या. खोल्यांत आता दोनच माणसं होती, मिस्त्री आणि त्याची वहिनी. मोठा भाऊ, दादा, दीड वर्षापूर्वी गेला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मिस्त्री नऊ वर्षांचा होता, आईविना वाढणारा, नाक पुसायचं भान नसलेला. दिराला आदराने 'भाऊजी' म्हणावं हे तिला माहेरून शिकवून पाठवलं होतं, पण पहिल्याच दिवशी 'भाऊजी' दारामागे उभे राहून शर्टाची कॉलर चघळत होते. तिने त्यांना धरून मोरीत नेलं, तोंड धुतलं आणि म्हणाली, "चल धाकट्या, जेवायला." तेव्हापासून तो धाकट्या. केस पांढरे झाले तरी धाकट्याच. तो खाली दुकानात जायला निघाला की आतून तिची हाक यायचीच, "धाकट्या, दार ओढून घे. मांजर शिरेल." मांजर दर दोन-चार वर्षांनी बदलत गेलं, वाक्य तेच राहिलं.

आता तेही संपणार होतं. वहिनीची लेक दूरच्या शहरात असायची. "आई, आता जिने चढणं पुरे, माझ्याकडे ये," असं ती वर्षभर फोनवर घोकत होती. वहिनीने अखेर होकार दिला होता. रविवारी सकाळची गाडी. वरच्या खोलीत पेट्या उघड्या पडल्या होत्या, आणि मिस्त्री दिवसभर खाली, हाताला लागेल ते काम करत होता.

त्या शुक्रवारी सकाळी रोपवाली बाई आली. जुनी, हिरव्या रंगाची व्हॅन, मागे कुंड्या आणि रोपांची दाटी. डाव्या बाजूचा आरसा काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून सुतळीने दाराच्या हँडलला बांधलेला.

"बघा हा, मिस्त्री! रुसलेल्या जावयासारखा मान टाकून बसलाय. पट्टी लावली, सुतळी बांधली, दोन शिव्या घातल्या. ऐकत नाही."

"कधीपासून?"

"गाडी घेतली तेव्हापासून. आधीचा मालक म्हणाला, आरसा सोडला तर गाडी ठणठणीत. हॉर्न सोडला तर आणि मागचं दार सोडलं तर, हे तेवढं सांगायला विसरला."

"मागचं दिसतं का त्यात?"

"आभाळ दिसतं. कधी माझीच कुंडी दिसते. मागचं दिसत नाही, आणि पुढचं कुणाला दिसलंय! ते काही नाही, असा घट्ट करा की भूकंप झाला तरी हलता कामा नये."

मिस्त्रीचा हात सुतळीवर थांबला. हे वाक्य त्याने पूर्वी एकदा ऐकलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून.

"हलणार नाही," तो म्हणाला. "पण मिटला पाहिजे."

"मिटून काय करायचंय? मला गाडी चालवायचीय, झोपायचं नाहीये."

"उद्या सकाळी या."

रोपवाली गेली. मिस्त्रीने सुतळी सोडली आणि चिकटपट्टी उकलायला घेतली. चार-पाच जणांनी एकावर एक लावलेली ती पट्टी निघता निघेना. शेवटचा थर निघाला, आणि खालून लोखंडाचा बाहू उघडा पडला, दोन तुकड्यांचा, मधे बिजागरी. या बिजागरीतच आरसा मिटायचा असतो. आत एक स्प्रिंग असते, ती आरशाला धरूनही ठेवते आणि धक्का लागला तर सोडूनही देते. पण या बिजागरीवर कधीकाळी कुणीतरी आडवी वेल्डिंग मारली होती. ती आता मधून तडकली होती, म्हणून आरसा लोंबत होता.

मिस्त्रीने चष्मा लावला. अंगठ्याने गंज पुसला. वेल्डिंगची रेघ सरळ जात होती, आणि शेवटाला, जिथे कुणीही कारागीर कांडी उचलून मोकळा होतो, तिथे ती पुन्हा मागे वळली होती. दोन छोटे टाके, उलटे. शेपटासारखे.

त्याने ग्राइंडर बंद केला. चालू कधी केला होता, तेही त्याला आठवेना. मग नखाने दाराचा हिरवा रंग खरवडला. खाली लाल रंग निघाला.

ते शेपूट जगात एकाच माणसाच्या कामाला असायचं. आणि ते त्याला शिकवलं होतं दादाने.

दादा शिंपी होता, पण नुसता शिंपी म्हणणं म्हणजे नायकाला स्टेजवरचा एक माणूस म्हणण्यासारखं आहे. गावात नाटक कंपनी मुक्कामाला आली की तिच्या कपडेपटाचं अर्धं काम दादाकडे यायचं. कापड अंगाला न लावता नुसत्या नजरेने माप घ्यायचा. जाड्या नटाला बारीक दाखवायचा, आणि बारीक नटाला सेनापती. त्याची ती भलीमोठी कात्री चालायला लागली की खोलीतली माणसं बोलायची थांबायची. सतरा वर्षांचा धाकटा वेल्डिंग शिकून आला आणि आपला पहिला जोड दाखवू लागला, तेव्हा दादाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सुरुवात कुणालाही येते रे. शेवट बघ तुझा, उघडाच सोडलास. दोन टाके मागे घ्यायचे, मग धागा तोडायचा. म्हणजे उसवत नाही." धाकट्याने ते लोखंडावर करून पाहिलं. आणि खरंच, त्याचे जोड सुटेनासे झाले. लोकांनी नाव ठेवलं, पक्का मिस्त्री. दादा ते नाव गावभर मिरवायचा.

सव्वीस वर्षांपूर्वी ही व्हॅन लाल होती, आणि अशाच एका नाटक कंपनीची होती. कंपनीचा महिन्याभराचा मुक्काम होता. रोज सकाळी व्हॅनवर कर्णा लावून गावभर जाहिरात फिरवायची, दुपारी खेळ. गाडीचा ड्रायव्हर चाळिशीचा, गप्प आणि सावध माणूस. नटमंडळींनी त्याचं नाव ठेवलं होतं सारथी. आरशाची स्प्रिंग मेली आणि आरसा डुलायला लागला, तेव्हा कंपनीचा मॅनेजर आणि सारथी दोघंही दुकानात आले.

"नवी स्प्रिंग परवा येईल," मिस्त्री म्हणाला होता.

"परवापर्यंत जाहिरात काय डोक्यावर घेऊन फिरवू? तू पक्का मिस्त्री ना? जोडून टाक. भूकंप झाला तरी हलता कामा नये."

सारथी हळूच म्हणाला होता, "साहेब, आरसा मिटायला हवा. गल्ल्या अरुंद आहेत इथल्या."

मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो मिस्त्रीकडे बघत होता. आणि मिस्त्री अडतीस वर्षांचा होता, हात भरात होता, नावाची नशा चढलेली होती. त्याने कांडी पेटवली. बिजागरीवर आडवा जोड मारला, शेवटी दोन टाके मागे घेतले, वर हातोडीचा एक ठोका घालून दाखवला आणि म्हणाला, "आता गाडी मोडेल, आरसा मोडणार नाही."

चौथ्या दिवशी दुपारी, खेळाच्या आधी, दादा नाट्यगृहाच्या कडेच्या बोळात भिंतीला पाठ लावून उभा होता. दोन्ही हातांत राजाचे, राणीचे, सैनिकांचे कपडे, हनुवटीपर्यंत. समोरचं दिसत नव्हतं. व्हॅन सावकाश बोळातून पुढे येत होती. आरसा दादाच्या उजव्या कोपराला लागला. मिटणारा आरसा असता तर मिटला असता. हा मिटला नाही. कोपर आरसा आणि भिंत यांच्या मधे सापडलं.

दवाखान्याच्या ओसरीवर सगळे जमले होते. सारथी रडत सांगत होता, "आरसा मिटलाच नाही हो, मिटला असता तर..." मॅनेजर वळला. "मिस्त्री, हा म्हणतोय आरशाचा दोष. खरं सांग. आरशात काही दोष होता?"

वहिनी तिथेच उभी होती. तिच्या हातात दादाच्या शर्टाची कापून काढलेली बाही होती. ती त्याच्याकडेच बघत होती.

मिस्त्री म्हणाला, "नाही. आरसा पक्का होता."

खोटं म्हणावं तर त्यात एक शब्दही खोटा नव्हता. सगळ्यांच्या माना सारथीकडे वळल्या. मॅनेजरने त्याच्यासमोर हात पसरला, किल्ल्यांसाठी.

दादाचा हात बरा झाला तो वाकडाच. चमचा धरता यायचा, कात्री नाही. त्यानंतर दादा खिडकीशी बसून राहायचा आणि वहिनी बटणं लावणं, बाह्या आखूड करणं अशी बारीकसारीक कामं करायची. तो तोंडाने सांगायचा, "इंचभर आत घे. अगं, इंचभर म्हटलं, हातभर नाही." मिस्त्रीला त्याच सुमारास एक स्थळ आलं होतं. त्याने नाही म्हटलं. घर चालवायचं होतं. लोक म्हणाले, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. वहिनी तर येईल त्याला सांगायची, "दीर नव्हे, देवमाणूस आहे माझा धाकट्या." ते ऐकलं की मिस्त्री दुकानात जाऊन कोणाच्यातरी आरशावर कोपर आपटायचा. बिजागरीवर त्याने पुन्हा कधी कांडी टेकवली नाही.

त्या शुक्रवारी दुपारी तो जेवायला वर गेला तेव्हा वहिनी पेटीसमोर बसली होती. मांडीवर जुन्या मांजरपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"ये, धाकट्या. हे बघ, कात्री मी नेत नाहीये. लेकीकडे कोण कापड कापणार? तुझ्याजवळ राहू दे. हे शेवटी शेवटी म्हणायचेही, कात्री त्यालाच दे, त्याच्याइतकं माझ्यासाठी कुणी केलं नाही."

तिने पुडकं पुढे केलं. मिस्त्रीचे हात मांडीवरच राहिले.

"घे की. जड आहे, हात भरून आला माझा."

"वहिनी, खाली जी गाडी आलीय ना, ती कंपनीची आहे. तीच."

"कुठली कंपनी?"

"दादाची."

तिने पुडकं परत मांडीवर घेतलं. मग मिस्त्रीने सांगितलं. चाचपडत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, पण सगळं सांगितलं. स्प्रिंग परवा येणार होती ते. सारथी नको म्हणत होता ते. जोड, आणि हातोडीचा ठोका. ओसरीवरचं ते वाक्य. गॅसवर काहीतरी लागल्याचा वास आला, तेव्हा उठून वहिनीने गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून, पाठमोरी उभी राहिली.

"तो आला होता आपल्या दारी," ती म्हणाली. "आठवतं?"

त्याला आठवत होतं. अपघातानंतर महिन्याने सारथी आला होता. बोळात पडलेली दादाची कात्री त्याने उचलून जपून ठेवली होती, ती परत द्यायला. तेव्हा मिस्त्री आतल्या दाराआड उभा होता. एंट्री आली आहे, पलीकडे नट त्याच्या वाक्यासाठी थांबला आहे, आणि हा विंगेतच खिळून राहिला आहे, तसा.

"मी काय बोलले त्याला? हात मोडलास आणि आता कात्री आणून देतोस? तुझ्या घरात कुणाचा हात धड राहणार नाही, म्हणाले. शाप दिला मी त्याला. सगळ्या गल्लीसमोर. आणि तू आत होतास."

"होतो."

"सव्वीस वर्षं झाली. हे गेले. मरताना तरी त्यांना सांगायचं होतंस."

"धीर झाला नाही."

"आणि आज कसा झाला? मी परवा जाणार म्हणून? तुझं ओझं माझ्या पेटीत घालून द्यायला?"

ते खरं होतं. ती वळली. तिचे डोळे कोरडे होते.

"जेवून घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "निवतंय."

पंचावन्न वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा 'भाऊजी' म्हटलं होतं. तो जेवला. काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं.

शनिवारी उजाडताच तो कामाला बसला. बाहू वाइसच्या जबड्यात धरून आपलाच जोड घासायला घेतला. तडकलेला असूनही तो सहज निघेना. शेवटचे ते दोन उलटे टाके तर सगळ्यात चिवट. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत राहिल्या, आणि शेवटी बिजागरी मोकळी झाली. मिस्त्रीने ती खोलली, आतला गंज काढला, नवी स्प्रिंग घातली, वॉशर बदलला, ग्रीस लावलं. नट थोडा आवळून बघायचा, हाताने आरसा ढकलून बघायचा, परत अर्धा फेरा सैल करायचा. आरसा दारावर बसवून झाला तेव्हा रोपवाली आलीच. मिस्त्री दहा पावलं पुढे गेला, कोपर काढलं आणि चालत आला. खट्‌. आरसा मिटला. बोटाने लोटला, तसा परत जागेवर येऊन टकदिशी बसला.

"अगंबाई!" रोपवाली म्हणाली. "असं करायचं असतं होय? मी घरी नवऱ्याला उभं करते."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वहिनी दुकानात कधी येत नसे. आज ती बाहेर जायच्या कपड्यांत होती, पदराला नेहमीची दोरा ओवलेली सुई टोचलेली.

"भाऊजी, तो माणूस कुठे असतो?"

मिस्त्रीला माहीत होतं. नेहमीच माहीत होतं. बाजारामागच्या सायकल स्टँडवर सारथी तिकिटं फाडत बसायचा, आणि मिस्त्री गेली कित्येक वर्षं बाजारात जायला लांबच्या रस्त्याने जात होता.

"बाई, तुमच्या गाडीची ट्रायल घ्यायचीच असेल ना?" वहिनीने रोपवालीला विचारलं. "मग आम्हाला तिथवर सोडा."

वहिनी पुढे डाव्या सीटवर बसली. मिस्त्री मागे कुंड्यांमधे, गुडघे हनुवटीला लावून. रोपवालीने दोन-तीन विनोद करून पाहिले, पण पुढून-मागून कुणी हसेना.

सारथी स्टुलावर बसला होता. वाळलेला, पण ताठ. गाडी थांबली तसं त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"ओळखलंत का?" वहिनीने विचारलं.

"ओळखलं की. तुमचा आवाज विसरण्यासारखा नाही, बाई." मग जरा थांबून, "दादा कसे आहेत?"

"गेले. दीड वर्ष झालं."

"अरेरे." त्याने हातातली तिकिटं खाली ठेवली. "कात्री मिळाली होती ना त्यांना? धार लावून आणली होती मी."

"मिळाली. धरता मात्र आली नाही." वहिनीने ओठ आवळले. "त्या दिवशी दारात मी जे बोलले, ते चुकीच्या माणसाला बोलले. मला काल कळलं."

मिस्त्री कुंड्यांमधून खाली उतरला. खांद्याला माती लागली होती. "आरसा मी जोडून टाकला होता," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणत होता. आणि मॅनेजरने विचारलं तेव्हा मी..."

"पक्का होता, म्हणालात," सारथीने वाक्य पुरं केलं. "आठवतं मला. मोठा खणखणीत आवाज लावला होतात. शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता."

तो उठला आणि गाडीजवळ गेला. आरशावर अंगठा टेकवून हलकेच दाबला. आरसा मिटला. त्याने तो परत जागेवर आणला, पुन्हा मिटवला, पुन्हा आणला.

"धडक माझीच होती," तो आरशाकडे बघत म्हणाला. "भिंतीशी माणूस उभा आहे हे मला दिसायला हवं होतं. ते मी कुणावर ढकलत नाही. पण आरसा मिटला असता तर नुसतं खरचटलं असतं. मी हात जोडले असते, त्यांनी दोन शब्द सुनावले असते, आणि संध्याकाळी मी गाडी काढली असती."

"नंतर गाडी चालवली नाही?" वहिनीने विचारलं.

"कोण देणार? आणि माझाच माझ्या नजरेवर भरवसा राहिला नाही. रस्त्यात कुणी दिसलं की वाटायचं, खरंच दिसतंय का." त्याने ओळीने लावलेल्या सायकलींकडे हात केला. "या बऱ्या. उभ्या असतात."

वहिनी त्याच्या शर्टाकडे बघत होती.

"वरचं बटण कुठाय?"

"पडलं असेल कुठेतरी."

"इकडे या."

तिने पिशवीतून डबी काढली, रंगाला जुळणारं बटण शोधलं, पदराची सुई घेतली. सारथी हनुवटी वर करून, लहान मुलासारखा उभा राहिला. बटण बसलं. शेवटी तिने दोन टाके मागे घेतले आणि धागा तोडला. मिस्त्री ते बघत होता. मग त्याला बघवेना, तो सायकली मोजत बसला.

निघताना रोपवालीने एक छोटी कुंडी स्टुलाशी ठेवली. "पाणी घालत जा, काका. उन्हात ठेवू नका." सारथीने मान हलवली. मिस्त्रीकडे त्याने शेवटपर्यंत पुन्हा पाहिलं नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही, नाही केलं असंही नाही. मिस्त्रीनेही ते मागितलं नाही. मागायला तोंड लागतं.

रविवारी स्टेशनवर सोडायला रोपवालीच आली. पेट्या खाली न्यायच्या आधी मिस्त्रीने पाहिलं, खिडकीशेजारच्या कपाटावर काल संध्याकाळपर्यंत असलेलं मांजरपाटाचं पुडकं आता तिथे नव्हतं. वहिनीने ते हातातल्या पिशवीत, सगळ्यात वर ठेवलं होतं. त्याने पाहिलं, आणि तिने त्याला पाहू दिलं.

"मी स्टेशनवर येतो," तो म्हणाला.

"कशाला? बाई आहेत. हमाल मिळेल."

त्याने पेट्या गाडीत ठेवल्या. कुंड्या सरकवून जागा केली. वहिनी पुढे बसली, पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात पिशवीवर. मिस्त्रीने दार लावलं. काच खाली होती. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. मग तीच म्हणाली,

"भाऊजी, वर दार उघडंच राहिलंय. ओढून घ्या. मांजर शिरेल."

गाडी हलली. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याची हातगाडी आडवी आली होती. रोपवालीने हॉर्न वाजवून पाहिला, तो वाजला नाही, मग ती डावीकडून दाबून निघाली. हातगाडीचा दांडा आरशाला लागला. खट्‌. भाजीवाला "अहो ताई, माणूस आहे इकडे!" म्हणून ओरडला, पण त्याला काही लागलं नव्हतं. डाव्या खिडकीतून वहिनीचा हात बाहेर आला. तिने आरसा जागेवर लोटला. क्षणभर त्या काचेत तिचे डोळे दिसले, गल्लीच्या या टोकाकडे बघणारे. मग गाडी वळली.

मिस्त्री जिना चढून वर गेला. मांजर उंबऱ्यावर, आत जावं की नको अशा विचारात बसलं होतं. त्याने ते हलकेच पायाने बाजूला केलं आणि दार ओढून घेतलं.